मंद आवाजातले संपूर्ण संगीत

रागसंगीत ऐकण्याची आपली रीत गेल्या काही वर्षांत पुष्कळ पालटली आहे. दिवाणखान्यातील रेडिओभोवती किंवा टेपरेकॉर्डरभोवती बसून साऱ्या घराने एकच मैफल ऐकावी, हा परिपाठ आता क्वचित दृष्टीस पडतो. त्याऐवजी एकाच घरात आजोबा आपल्या खोलीत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकत असतात, सून कामाचा हात चालू ठेवून नाट्यपदे ऐकते, आणि नातू लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या झाकीर हुसेन यांचा तबला ऐकत प्रवास करतो. या तिघांच्याही कानांत हेडफोन किंवा इअरबड असतात. ज्या कलेसाठी कलावंताने आयुष्य वेचले ती कला श्रोत्यापर्यंत कितपत शाबूत पोहोचावी, हे पुष्कळ अंशी या उपकरणाच्या निवडीवर आणि त्याहूनही अधिक ते वापरण्याच्या पद्धतीवर अवलंबून असल्यामुळे, या बाबीचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे.

दुकानात गेलेल्या ग्राहकापुढे प्रथम आकडे येतात. खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे ठळक छापलेले असते. परंतु निरोगी तरुण कानाला जे ऐकू येते त्याचा पल्लाच साधारणपणे तेवढा असल्यामुळे, आणि त्या पल्ल्यात कोणता भाग चढा व कोणता उतरता आहे हे त्या ओळीत नमूद नसल्यामुळे, त्यावरून गुणवत्तेचा काहीही बोध होत नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे ध्वनी उत्पन्न करणाऱ्या पडद्याचा, व्यास मोठा म्हणून ध्वनी चांगला, हाही समज निराधार आहे. मी एकच कसोटी मानतो आणि वाचकांनीही ती मानावी अशी माझी आग्रहाची शिफारस आहे : शांत जागी बसून, आवाज शक्य तितका मंद ठेवूनही, तंबोऱ्याची आस, डग्ग्याचा घुमारा आणि गायकाचा श्वास ही तिन्ही स्वच्छ ऐकू येत असतील, तर उपकरण चांगले आहे आणि त्याचा उपयोगही नीट होत आहे. ज्या उपकरणात या गोष्टी ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागतो, त्यात कोठेतरी उणीव आहे. आणि ती उणीव बहुधा किमतीत नसून जुळणीत, जागेत किंवा मांडणीत असते.

कसोटीसाठी तंबोरा

हेडफोनची परीक्षा करण्यास तंबोऱ्याइतके सोयीचे वाद्य दुसरे नाही. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्ये लावलेला असेल, तर जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. आणि जवारीवर दोरा अचूक बसला असेल, तर त्याच तारांमधून उपस्वरांची अशी मालिका उठते, की तिची टोके काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. एका वाद्याच्या एका आवर्तनात खालपासून वरपर्यंतचा बहुतेक सगळा पल्ला तपासून होतो. ख्याल सुरू होण्यापूर्वी गायक षड्ज लावतो त्या वेळी तंबोरा काही क्षण एकटाच वाजत असतो. ज्या ध्वनिमुद्रणात हे क्षण राखलेले आहेत असे एखादे निवडावे आणि फोनमध्ये उतरवून ठेवावे.

ऐकताना क्रम असा ठेवावा. प्रथम खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यावे : तिला खाली बैठक आहे की ती जोडाच्या तारांत विरून जाते? बैठक नसेल, तर हेडफोन कानावर नीट बसलेला नाही, किंवा त्याचा खालचा भागच दुबळा आहे. नंतर जवारीचा झंकार ऐकावा : तो रेशमी राहतो की टोचू लागतो? टोचत असेल, तर वरचा भाग कृत्रिम रीतीने चढवलेला आहे. सुरुवातीला हा चढवलेला भाग ‘स्वच्छ’ वाटतो, पण अर्ध्या तासात कानाला शीण येतो. शेवटी, तंबोरा सुरेल लागला असेल, तर खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो ऐकू येतो का, हे पाहावे. तो खर्जाचा पाचवा उपस्वर असून काळी एकमध्ये सुमारे ३४६ हर्ट्झवर येतो. हा प्रदेश अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण मानवी कंठाचे आणि हार्मोनियमचे बरेचसे सत्त्व याच टापूत असते. आणि ज्या हेडफोनमध्ये खालचा धमाका फुगवलेला असतो, त्यात हाच टापू झाकोळून जातो.

तंबोऱ्यानंतर तबला घ्यावा. डग्ग्यावर हाताचा दाब वाढवीत नेल्यावर जो घुमारा वर सरकतो, त्याची चाल सलग कळली पाहिजे. केवळ एक धप्प आवाज येऊन थांबता कामा नये. दायाच्या चाटेवरचा बोल आणि लवेवरचा बोल भिन्न ऐकू आले पाहिजेत. यानंतर परिचित गायिकेचे एखादे पद लावावे आणि शब्दांतील ‘स’ व ‘श’ ही अक्षरे ऐकावीत. ती शिट्टीसारखी कानात घुसत असतील, तर तो हेडफोन कितीही नामांकित असला तरी आपल्या कामाचा नाही. ही तीन ध्वनिमुद्रणे ज्याच्याजवळ तयार आहेत, त्याला विक्रेत्याच्या मताची फारशी गरज पडत नाही.

प्रकार आणि त्यांचे प्रयोजन

हेडफोनच्या प्रकारांचा निर्णय ते कोठे वापरायचे आहेत यावरून करावा. घरी, एकांतात, एका जागी बसून तासभर मैफल ऐकणाऱ्याने कान पूर्ण झाकणारा आणि मागून उघडा असलेला हेडफोन घ्यावा. त्याच्या पेल्यांच्या पाठीमागे जाळी असते. हवा कोंडत नाही, ध्वनी डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो आणि कान तापत नाहीत. १९९७ पासून बाजारात असलेला सेनहायझर एचडी ६०० हा या जातीचा मान्यवर नमुना होय. मात्र असा हेडफोन बाहेरचा आवाज आत आणि आतला आवाज बाहेर जाऊ देतो. शेजारी कोणी अभ्यासाला बसले असेल, किंवा पंख्याचा आणि रस्त्याचा गोंगाट असेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

ज्यांच्या घरी एकाच खोलीत तिघांची कामे चालतात, त्यांनी मागून बंद असलेला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. प्रवासासाठी कानाच्या नळीत बसणारे इअरबड सर्वांत सोयीचे. कानावर केवळ टेकणारे लहान हेडफोन दिसायला सुटसुटीत असले, तरी पाळीवर दाब देतात आणि त्यांच्या कडेने ध्वनी निसटतो. कानाच्या तोंडाशी सैलसर लटकणारे, रबर नसलेले इअरबड मात्र संगीताच्या दृष्टीने सर्वांत उणे. त्यांत खर्ज टिकत नाही आणि बाहेरचा गोंगाट मुक्तपणे आत येतो, म्हणून श्रोता नकळत आवाज वाढवीत राहतो. ज्यांना कान बंद झालेले सहन होत नाहीत, किंवा घरात दाराची घंटा आणि कुकरची शिट्टी ऐकू येणे ज्यांना आवश्यक आहे, त्यांनी ते अवश्य वापरावेत, परंतु ते शांत जागीच वापरावेत.

जुळणीचे महत्त्व

नळीत बसणाऱ्या इअरबडच्या बाबतीत एक गोष्ट बाकी सर्व गोष्टींपेक्षा महत्त्वाची आहे, ती म्हणजे रबराच्या टोपीचे माप. इअरबडबरोबर सहसा लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन जोड्या येतात. त्यांपैकी मध्यम जोडी कारखान्यातूनच बसवलेली असते आणि बहुसंख्य लोक उरलेल्या दोन जोड्या खोक्यातून बाहेरही काढत नाहीत. नळी आणि रबर यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तरी शंभर-दीडशे हर्ट्झखालचा ध्वनी तेथून निसटतो; मग तंबोऱ्याचा खर्ज नाहीसा होतो, डग्गा पोकळ वाटतो आणि उरलेला ध्वनी कर्कश भासू लागतो. महागडे इअरबड घेऊनही ‘यात दम नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

परीक्षा सोपी आहे. तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण चालू ठेवून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढावी, इअरबड आत सरकवून थोडा फिरवावा आणि पाळी सोडून द्यावी. नंतर बोटाने इअरबड हलकेच आत दाबून पाहावा. दाबताच खर्ज एकदम भरून आला आणि सोडताच ओसरला, तर रबर लहान आहे, मोठे लावावे. जबडा हलवल्यावर किंवा मान वळवल्यावर ध्वनी बदलत असेल, तरी हाच निष्कर्ष काढावा. दोन्ही कानांची मापे सारखीच असतात असे नाही. उजव्या कानाला मध्यम आणि डाव्याला मोठे रबर लागणे अगदी स्वाभाविक आहे. तिन्ही मापांनी काम भागले नाही, तर स्पंजाच्या टोप्या स्वतंत्र मिळतात. त्या बोटांत दाबून बारीक कराव्यात, कानात घालाव्यात आणि फुगून बसेपर्यंत थोडा वेळ धरून ठेवाव्यात. त्या लवकर झिजतात, पण काहीशे रुपयांत जो फरक पडतो तो कित्येकदा नवे उपकरण घेऊनही पडत नाही.

कान झाकणाऱ्या हेडफोनला हाच नियम दुसऱ्या रीतीने लागू होतो. चष्म्याची जाड काडी गादीखाली आली, की तेथे फट पडते. म्हणून चष्मा वापरणाऱ्यांनी चष्मा लावूनच परीक्षा करावी आणि गादी मऊ व खोल असलेला हेडफोन पसंत करावा. आपल्याकडच्या दमट हवेत गाद्यांचे कातडे सोलवटते आणि आतला स्पंज बसतो. त्याबरोबर ध्वनीही बदलतो. सबब, ज्या हेडफोनच्या गाद्या सुट्या विकत मिळतात आणि घरी बदलता येतात, त्यालाच प्राधान्य द्यावे.

दुकानातील तुलना

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान ठेवण्याची खबरदारी घेतली नाही, तर निष्कर्ष हमखास चुकतो. कारण किंचित मोठा वाजणारा हेडफोन आपल्या कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. विक्रेता जो तुकडा वाजवून दाखवतो तोही बहुधा त्या उपकरणाच्या बळकट बाजूला अनुकूल असतो, म्हणून आपलेच ध्वनिमुद्रण न्यावे, गायकाचा स्वर दोन्हींत सारखाच मोठा ऐकू येईल असे पाहावे आणि घाई न करता ऐकावे. पहिल्या मिनिटात झगमगाट दिसतो. वीस मिनिटांनंतर शीण कळतो. शक्य असेल तर दोन्ही हेडफोन उलटसुलट क्रमाने पुन्हा ऐकावेत, आणि दुसऱ्या खेपेला आवाज मुद्दाम कमी करून पाहावा. मंद आवाजात ज्याचा तोल टिकतो, तो घ्यावा.

घरबसल्या मागवायचे असेल, तर परत करण्याच्या अटी आधी वाचाव्यात. कानात घालावयाच्या वस्तू एकदा उघडल्यावर परत न घेण्याची अट अनेक ठिकाणी असते. नामांकित कंपन्यांची नक्कल बाजारात सर्रास मिळत असल्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी आणि पावती जपून ठेवावी. परीक्षणे वाचताना विशेषणांपेक्षा मोजमापांवर भर देणाऱ्या लेखनाला महत्त्व द्यावे. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांवर केलेल्या पद्धतशीर चाचण्यांतून असे दिसून आले, की बहुसंख्य श्रोत्यांना चांगल्या खोलीतील चांगल्या स्पीकरसारखा, खर्जाला थोडा आधार असलेला ध्वनी आवडतो. त्या संशोधनातून निघालेली आदर्श रेषा, म्हणजे खालपासून वरपर्यंत कोणता भाग किती चढा वा उतरता असावा हे दाखवणारा आलेख, अनेक परीक्षक आधारभूत मानतात. हेडफोनची रेषा तिच्यापासून कोठे आणि किती ढळते, हे पाहिल्यास खरेदीपूर्वी बराच अंदाज बांधता येतो.

वायर असलेले आणि नसलेले

वायरचा हेडफोन त्याच किमतीत सहसा अधिक चांगला ध्वनी देतो आणि अधिक वर्षे टिकतो, कारण त्यात झिजणारी बॅटरी नसते. वायरविरहित इअरबडमधील चिमुकली लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांत दुबळी होऊ लागते आणि ती बदलण्याची सोय बहुतेक इअरबडांत नसते. हा खर्च किमतीच्या हिशेबात आधीच धरावा. फोनला हेडफोनचे गोल छिद्र नसेल, तर यूएसबी-सी टोकाला लावण्याची लहान जोडणी मिळते. अंकांत साठवलेल्या संगीताचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करणारी यंत्रणा बहुधा तीतच बसवलेली असते. वायरचा हेडफोन घेताना त्याचा रोध पाहावा : १६ ते ३२ ओहमचे हेडफोन फोनवर सहज वाजतात, परंतु २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा बंद हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा तीन रोधांत विकला जातो. फोनवर वापरण्यासाठी त्यांपैकी ३२ ओहमचाच घ्यावा.

ब्लूटूथवर संगीत आकुंचित करून पाठवावे लागते. सीडीवरील ध्वनीचा वेग सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथच्या एलडीएसी पद्धतीत तो जास्तीत जास्त ९९० पर्यंत आणि साध्या एसबीसी पद्धतीत सुमारे ३२८ पर्यंत राहतो. आयफोनवर एसबीसी आणि एएसी या दोनच पद्धती चालतात, म्हणून आयफोनधारकाने एलडीएसीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. या पद्धतींमधील फरक ऐकू येतो, पण तो रबराच्या मापाने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ आहे. एक बाब मात्र ध्यानात ठेवावी : संगणकावर बैठक चालू असताना हेडफोनचा माइक सुरू झाला, की ब्लूटूथ बहुधा दूरध्वनीच्या पद्धतीवर उतरते आणि संगीत एकाएकी डबक्यात बुडाल्यासारखे होते. हा बिघाड नव्हे. बैठकीसाठी संगणकाचाच माइक निवडला, की हेडफोनचा ध्वनी पूर्ववत होतो.

गोंगाटाचा बंदोबस्त

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा विमानात संगीत ऐकणारा माणूस बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवतो, आणि कानाची हानी तेथूनच सुरू होते. त्यावर पहिला उपाय म्हणजे नळी नीट बंद करणारे रबर. दुसरा उपाय म्हणजे गोंगाट रद्द करणारी यंत्रणा. या यंत्रणेतील माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि हेडफोन त्याच्या बरोबर उलटी लहर निर्माण करतो. दोन्ही लहरी एकमेकींना क्षीण करतात. बंगाली वंशाचे अमेरिकन अभियंते अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात या दिशेने विचार सुचला, आणि पुढे वैमानिकांसाठी व नंतर सर्वसामान्यांसाठी त्यांच्या कंपनीने असे हेडफोन बाजारात आणले.

या यंत्रणेची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. विमानाचे इंजिन, पंखा, वातानुकूलन यंत्र, गाडीची सलग घरघर अशा खालच्या आणि एकसुरी आवाजावर ती उत्तम चालते. माणसांचे बोलणे, कर्णा, भांड्यांचा खणखणाट यांवर तिचा प्रभाव थोडा, आणि ते काम रबरानेच करावयाचे असते. शांत खोलीत ती बंद ठेवून पाहावी. काही हेडफोनमध्ये ती चालू असताना बारीक सुस्कारा ऐकू येतो किंवा कानावर दाब जाणवतो, आणि तंबोऱ्याच्या विरामात तो खटकतो. रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना, आणि वाहन चालवताना, इअरबड कानातून काढावेत. बाहेरचा आवाज आत सोडणारी सोय उपयोगी असली तरी अशा जागी तिच्यावर विसंबून राहणे सुरक्षित नाही.

मूळ ध्वनी आणि त्यातील फेरफार

उत्तम हेडफोनला वाईट ध्वनिमुद्रण दिले, तर तो त्याचे दोषच अधिक स्पष्ट करतो. मोबाइल डेटा वाचावा म्हणून संगीताची ॲप पुष्कळदा हलक्या दर्जावर चालतात. सेटिंगमध्ये जाऊन दर्जा सर्वोच्च करावा, आणि डेटाची अडचण असल्यास घरच्या वायफायवर ध्वनिमुद्रणे उतरवून घ्यावीत. एकच मैफल अनेकांनी चढवलेली असते. त्यांतील अधिकृत प्रत शोधावी, कारण हौशी प्रतींत कित्येकदा खरखर काढून टाकण्याच्या नादात तंबोऱ्याची आसही छाटली गेलेली असते.

बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत वरचा भाग मुळातच थोडा आहे, आणि जो आहे त्यात सुईची खरखर मिसळलेली आहे; तेथे झगझगीत हेडफोनपेक्षा मवाळ ध्वनीचा हेडफोन अधिक न्याय देतो. ही मुद्रणे एकमार्गी असल्यामुळे स्वर डोक्याच्या मधोमध ऐकू येतो, तो दोष नव्हे. याउलट काही स्टिरिओ मुद्रणांत तबला पूर्णपणे एका कानात आणि स्वरसाथ दुसऱ्या कानात ठेवलेली असते. ती स्पीकरवर शोभते, पण हेडफोनवर शीण आणते. काही ॲपमध्ये एका बाजूचा थोडा ध्वनी दुसऱ्या बाजूस मिसळण्याची सोय असते, तिचा अशा वेळी उपयोग करावा. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येते, त्यांनी फोनच्या सुलभता-सेटिंगमधील ‘मोनो ऑडिओ’ चालू करावे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे संगीत चांगल्या कानात पूर्ण येते. घरातील वृद्धांसाठी ही तजवीज कोणीतरी अवश्य करून द्यावी.

आता इक्वलायझरविषयी. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये असे दाखवून दिले, की आवाज जसजसा मंद होतो तसतसा खर्ज आपल्या कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. मंद आवाजात ऐकण्याचा जो आग्रह मी धरला आहे, त्याला ही एकच अडचण आहे आणि तिचा परिहार सोपा आहे : रात्री हलक्या आवाजात ऐकताना शंभर हर्ट्झखालचा भाग तीन-चार डेसिबलने वाढवावा. बाकी दुरुस्त्या शक्यतो कमी करण्याच्या दिशेने कराव्यात. ‘स’ टोचत असेल, तर सहा ते आठ हजार हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उतरवावा. एखादा भाग वाढवलाच, तर एकूण पातळी तेवढीच खाली आणावी, म्हणजे ध्वनी फाटणार नाही. ‘बास बूस्ट’, ‘थ्री-डी’ यांसारखे तयार परिणाम मैफलीच्या श्रोत्याने कायमचे बंद ठेवावेत, कारण गायक आणि साथीदार यांनी आपसांत राखलेला तोल ते मोडून टाकतात.

कानाची राखण

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठी तेवढेच तास ७५ डेसिबल, अशी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्यातून चारच तास उरतात. अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे ज्ञान मेंदूकडे पाठवतात, त्या एकदा नष्ट झाल्यावर मानवात पुन्हा उगवत नाहीत. आणि प्रथम झिजतो तो वरचा भाग, म्हणजे व्यंजनांची स्पष्टता आणि जवारीचा झंकार. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते. ती लावून ठेवावी, विशेषतः मुलांच्या फोनवर. हाताच्या अंतरावरील माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर त्याचे बोलणे कळत नसेल, तर साध्या हेडफोनवर आवाज बहुधा जास्त आहे असे समजावे.

ऐकल्यानंतर कानात गुणगुण राहत असेल किंवा कान दडपल्यासारखे वाटत असतील, तर ती ताकीद समजून विश्रांती घ्यावी. त्या तक्रारी टिकल्या तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, आणि एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

निगा आणि बिघाड

इअरबडचा एक कान कालांतराने मंद वाजू लागतो, आणि पुष्कळ लोक तो निकामी झाला असे समजून टाकून देतात. आधी रबर काढावे आणि उजेडात धरून तोंडाशी असलेली बारीक जाळी पाहावी. तिच्यावर मळाचा पिवळसर थर दिसला, तर इअरबड तोंड खाली करून धरावा, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता बाहेर पडेल, आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडावा. टाचणी वापरू नये. तिने जाळी फाटते किंवा मळ आत ढकलला जातो. रबरे वेगळी करून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावीत आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावीत. ‘आयपीएक्स४’ या खुणेचा अर्थ घाम आणि शिंतोडे सोसण्यापुरता आहे, म्हणून नळाखाली धुण्याचे धाडस करू नये.

जाळी साफ असूनही फरक राहिला, तर फोनच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा तोल मध्यावर आहे का ते पाहावे. नंतर कान झाकणारा हेडफोन उलटा घालून ऐकावा : मंदपणा हेडफोनबरोबर दुसऱ्या बाजूस गेला, तर दोष हेडफोनचा, त्याच कानात राहिला, तर तपासणी कानाची करून घ्यावी.

नवा हेडफोन घेण्याचा विचार मनात आला, म्हणजे खर्चापूर्वी हा क्रम पाळावा : जाळी साफ करावी, रबराचे माप बदलून पाहावे, ॲपमधील दर्जा वाढवावा, तयार परिणाम बंद करावेत आणि शांत जागी, नेहमीपेक्षा दोन पायऱ्या कमी आवाजात, तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे. कान त्या मंद पातळीला सरावण्यास दोन-तीन मिनिटे लागतात, तेवढा धीर धरावा. एवढे करूनही खर्ज आणि आस हाती लागत नसेल, तर नवा हेडफोन खुशाल घ्यावा, आणि तो या लेखातील कसोट्यांवर पारखून घ्यावा. पण पुष्कळ वाचकांना असे आढळेल, की ज्या ध्वनीच्या शोधात ते होते तो त्यांच्याजवळ असलेल्या उपकरणातच होता, आणि तो मिळवण्यासाठी पैशांपेक्षा अवधानाचीच अधिक गरज होती.